पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी: सारखे सारखे येणारे प्रश्न

पायथनमधून एखाद्या वेबसाइटला किंवा एपीआयला (प्रोग्रामने प्रोग्रामकडून माहिती मागायची सोय) विनंती पाठवायची असली की बहुतेक जण रिक्वेस्ट्स वापरतात, आणि अडकतातही बहुतेक सगळे त्याच त्याच ठिकाणी. जे प्रश्न परत परत येतात तेवढेच इथे घेतलेत. कोडमधली नावं मराठी अक्षरांत लिहिली आहेत, टाइप अर्थातच इंग्रजीत करायची, आणि फंक्शनच्या किंवा पर्यायाच्या नावात रेझ-फॉर-स्टेटस अशी मधे रेघ दिसली की तिथे अंडरस्कोअर समजा; रिक्वेस्ट-एक्सेप्शनसारख्या क्लासच्या नावात रेघ गाळून शब्द जोडून लिहा, आणि कंटेंट-टाइपसारख्या हेडरच्या नावात ती रेघच असते.

१. रिक्वेस्ट्स म्हणजे नक्की काय? पायथनमधे हे आधीपासून नाही का?

आहे, युआरएललिब नावाचं मॉड्यूल पायथनसोबतच येतं आणि त्याने सगळं करता येतं, फक्त साध्या कामाला बरंच लिहावं लागतं. केनेथ राइट्झने २०११ मधे रिक्वेस्ट्स आणली ती हे लिहिणं माणसाला सोपं जावं म्हणून. रिक्वेस्ट्स-डॉट-गेट लिहा, कंसात पत्ता द्या, उत्तर हातात. आता ती पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या छत्राखाली आहे, लायसन्स अपाची २.०, म्हणजे कंपनीच्या कामातही बिनधास्त वापरता येते. पायथनच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमधे युआरएललिबच्या पानावरच सुचवलंय की सोपा इंटरफेस हवा असेल तर रिक्वेस्ट्स वापरा.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या, पुढची अर्धी उत्तरं त्यावर उभी आहेत. ही लायब्ररी तुम्ही सांगाल तेवढंच करते. किती वेळ थांबायचं, उत्तर चूक असेल तर काय करायचं, अक्षरं कुठल्या एन्कोडिंगमधे (बाइट्सची अक्षरं करायच्या पद्धतीत) वाचायची, हे तुम्ही सांगितलं नाही तर ती आपल्या मनाने काहीतरी धरून चालते आणि तुम्हाला पत्ता लागत नाही. म्हणून या तीन गोष्टी (प्रश्न ६, ७ आणि ८) पहिल्या दिवसापासून हाताला लावून घ्या.

२. पिप इन्स्टॉल केलं, यशस्वी झालं असं आलं, तरी 'मॉड्यूल सापडलं नाही' असं येतंय.

शंभरातल्या नव्वद वेळा मशीनवर दोन पायथन असतात आणि पिप एकात टाकतो, प्रोग्राम दुसऱ्यात चालतो. नुसतं पिप न लिहिता पायथन मायनस-एम पिप इन्स्टॉल असं लिहा, म्हणजे ज्या पायथनने प्रोग्राम चालवणार त्याच्यातच लायब्ररी जाईल. व्हीएस कोडमधे खाली उजव्या कोपऱ्यात कुठला इंटरप्रिटर (म्हणजे कुठला पायथन) निवडलाय तेही बघा. आणि नावात शेवटी एस आहे, रिक्वेस्ट नाही, रिक्वेस्ट्स.

३. इम्पोर्ट तर होतंय, पण म्हणतंय मॉड्यूलमधे गेट नावाचं काही नाहीच!

तुमच्या फाइलचं नाव रिक्वेस्ट्स-डॉट-पीवाय ठेवलंय का बघा. ठेवलं असेल तर पायथन खऱ्या लायब्ररीऐवजी तुमचीच फाइल इम्पोर्ट करतोय, आणि तिच्यात गेट नाहीये. नाव बदला आणि शेजारी पायकॅश नावाचं फोल्डर तयार झालं असेल तर तेही उडवून टाका.

४. पॅराम्स, डेटा आणि जेसन, तिन्हीत माहितीच पाठवायची मग फरक काय?

फरक माहिती कुठे आणि कुठल्या रूपात जाते यात आहे. पॅराम्स पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्हानंतर जोडले जातात, शोध घेताना, पान क्रमांक देताना हे वापरायचं. डेटाला डिक्शनरी दिली तर ती वेबपेजवरचा फॉर्म भरून सबमिट दाबल्यावर जाते तशी जाते. जेसनला दिली तर तिचं जेसन करून पाठवलं जातं आणि कंटेंट-टाइप हेडरही (हेडर म्हणजे विनंतीसोबत किंवा उत्तरासोबत जाणारी माहितीची चिठ्ठी) आपोआप लागतो.

सगळ्यात जास्त दिसणारा घोळ म्हणजे एपीआयला जेसन हवंय आणि डिक्शनरी डेटामधे दिलीय. मग सर्व्हर ४०० किंवा ४२२ (विनंतीत चूक आहे असं सांगणारे कोड) देतो, कधी कधी नुसतंच 'फील्ड रिक्वायर्ड' म्हणतो, आणि आपण तासभर आपल्याच डिक्शनरीकडे बघत बसतो जिच्यात ते फील्ड स्पष्ट दिसत असतं. डेटा हा शब्द बदलून जेसन करा. एकाच विनंतीत दोन्ही देऊ नका, डेटा भरलेला असेल तर जेसन गुपचूप सोडून दिलं जातं.

छोट्या दोन गोष्टी: पॅराम्समधे एखाद्या किल्लीची किंमत नन (पायथनमधली 'काहीच नाही' ही किंमत) असेल तर ती किल्ली जातच नाही, आणि यादी दिली तर तीच किल्ली प्रत्येक किमतीसाठी परत परत जाते.

५. उत्तर आलं. आता टेक्स्ट वाचू, कंटेंट वाचू की जेसन?

कंटेंट म्हणजे जसेच्या तसे बाइट्स, फोटो, पीडीएफ, झिप यांच्यासाठी हेच. टेक्स्ट म्हणजे त्या बाइट्सची अक्षरं केलेली स्ट्रिंग, आणि ती करताना एन्कोडिंगचा अंदाज लागतो, मराठीचा गोंधळ इथेच होतो, प्रश्न ८ बघा. जेसन हे फंक्शन आहे, त्याच्या शेवटी कंस लागतात, ते लिहायचे राहिले की प्रिंट केल्यावर 'बाउंड मेथड' असलं काहीतरी दिसतं. हेडर्स डिक्शनरीसारखे वाचता येतात आणि तिथे लहान-मोठी लिपी चालते, कशीही लिहा.

६. पान नाहीच आहे, ४०४ आहे, तरी प्रोग्राम एरर न देता पुढे कसा जातो?

कारण रिक्वेस्ट्सच्या दृष्टीने काम झालेलं आहे, विनंती गेली, सर्व्हरने उत्तर दिलं. उत्तर 'नाही' असं आहे हा भाग तिने तुमच्यावर सोडलाय. त्यामुळे प्रत्येक विनंतीच्या खालच्या ओळीत रेझ-फॉर-स्टेटस लिहायची सवय लावा, ४०० ते ५९९ मधला कुठलाही कोड आला की ती एक्सेप्शन फेकते. हे नसेल तर एरर पानाचं एचटीएमएल तुमच्या डेटाबेसमधे जाऊन बसतं आणि आठवड्यानंतर कुणीतरी विचारतं की ग्राहकाच्या नावाच्या जागी 'बॅड गेटवे' कसं आलं.

पकडताना रिक्वेस्ट-एक्सेप्शन पकडलं की नेटवर्क तुटणं, टाइमआउट, एचटीटीपी एरर सगळे त्यात येतात, कारण ते सगळे त्याचीच पोरं आहेत. पण नुसतं एक्सेप्ट लिहून खाली पास लिहू नका, कृपा करून, एरर लॉगमधे तरी लिहा.

७. प्रोग्राम मधेच अडकून पडतो, एरर नाही, काही नाही, नुसता थांबलेला. काय होतंय?

टाइमआउट दिलेला नाहीये. रिक्वेस्ट्समधे टाइमआउट आपोआप लागत नाही, तुम्ही दिला नाही तर ती समोरच्याची वाट बघतच राहते. आपल्या लॅपटॉपवर हे लक्षात येत नाही कारण कंट्रोल-सी दाबून आपण मोकळे होतो, पण सर्व्हरवर रात्री चालणारं काम असलं तर सकाळी कळतं की ते दोन वाजल्यापासून एकाच विनंतीवर बसलंय. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की टाइमआउट नसलेली विनंती कोड रिव्ह्यूमधे पुढे जाऊच द्यायची नाही.

टाइमआउट=१० असं लिहिलं तरी पुष्कळ. जास्त नीट करायचं तर दोन आकडे कंसात द्या, पहिला जोडणी व्हायला किती थांबायचं, दुसरा उत्तराची किती वाट बघायची. डॉक्युमेंटेशनमधे पहिल्यासाठी ३.०५ अशी विचित्र दिसणारी किंमत सुचवलेली असते, त्याचं कारण असं की टीसीपीमधे (इंटरनेटवर माहितीची पाकिटं पोचवायची पद्धत) हरवलेलं पाकीट परत पाठवण्याची ठरलेली वेळ तिथे ३ सेकंदांची धरलेली आहे, तिच्यापेक्षा किंचित जास्त ठेवावं.

आता खरी गंमत. हा टाइमआउट म्हणजे सगळं काम इतक्या वेळात संपलंच पाहिजे असा नाहीये. दुसरा आकडा फक्त एवढंच बघतो की समोरून शेवटचे बाइट्स येऊन किती वेळ झाला. सर्व्हर दर ५ सेकंदांनी थोडे थोडे बाइट्स सोडत राहिला तर टाइमआउट १० असूनही डाउनलोड अर्धा तास चालू शकतं. तसंच एका नावामागे चार आयपी पत्ते असतील तर जोडणीचा टाइमआउट प्रत्येक पत्त्याला वेगळा लागतो, म्हणून ३ सेकंद दिलेले असताना १२ सेकंद गेलेले दिसतात. एकूण वेळेवर पक्की मर्यादा हवी असेल तर स्ट्रीम करून (प्रश्न १५) प्रत्येक तुकड्यानंतर स्वतः घड्याळ बघायचं.

८. मराठी वेबसाइटचं पान आणलं तर मराठीच्या जागी सगळा कचरा दिसतो. ब्राउझरमधे नीट दिसतंय!

हा प्रश्न आपल्याला सगळ्यात जास्त छळतो म्हणून जरा सविस्तर.

कचऱ्याकडे नीट बघा. रेघ असलेला छोटा ए, मग येनचं किंवा एखादं अनोळखी चलनाचं चिन्ह, मग आणखी काहीतरी, असं तीन-तीनच्या गटात परत परत येतंय का? येत असेल तर मजकूर पूर्णपणे शाबूत आहे, फक्त चुकीच्या पद्धतीने वाचला गेलाय. युटीएफ-८ मधे देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्सचं असतं, आणि पहिले दोन बाइट्स जवळजवळ सारखेच असतात. ते तीन बाइट्स कुणी लॅटिन-१ समजून वाचले की एका अक्षराची तीन चिन्हं होतात.

असं का होतं? सर्व्हरने कंटेंट-टाइप हेडरमधे नुसतं टेक्स्ट/एचटीएमएल लिहिलंय, चारसेट (म्हणजे एन्कोडिंगचं नाव) लिहिलेला नाही. एचटीटीपीच्या जुन्या नियमात होतं की टेक्स्ट असेल आणि चारसेट नसेल तर लॅटिन-१ धरा, रिक्वेस्ट्स तोच नियम पाळते. एचटीएमएलच्या आत मेटा टॅगमधे युटीएफ-८ लिहिलेलं असतं ते ब्राउझर वाचतो, रिक्वेस्ट्स वाचत नाही, तिचं काम हेडरपाशी संपतं.

उपाय एका ओळीचा आहे. टेक्स्ट वाचायच्या आधी रिस्पॉन्सच्या एन्कोडिंगला युटीएफ-८ ही किंमत द्या. साइट कुठल्या एन्कोडिंगची आहे माहीतच नसेल तर अपॅरंट-एन्कोडिंग आहे, ते बाइट्स बघून अंदाज करतं, पण अंदाजच आहे, दोन-तीन शब्दांच्या मजकुरावर चुकू शकतं. ब्युटिफुलसूप (एचटीएमएलमधून माहिती काढायची लायब्ररी) वापरत असाल तर त्याला टेक्स्ट देऊच नका, कंटेंट द्या, तो मेटा टॅग स्वतः बघून घेतो.

इतकं करूनही कचराच दिसला तर दोन शक्यता उरतात. एक, साइट जुनी आहे आणि श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमधे लिहिलेली आहे. तिथे मुळात देवनागरी अक्षरं नाहीतच, इंग्रजी अक्षरांवर मराठी आकार चढवलेले आहेत, एन्कोडिंग कितीही बदला काही होणार नाही, त्या फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टरच लागेल. दोन, मजकूर नीट आलाय आणि बिघाड तुम्ही फाइलमधे लिहिताना होतोय. विंडोजवर ओपन फंक्शनला एन्कोडिंग युटीएफ-८ दिलं नाही तर 'चारमॅप' अशी एरर येते. जेसन फाइलमधे उलटी तिरकी रेघ, यू आणि आकडे असं काही दिसत असेल तर तो कचरा नाही, मराठीच आहे, जेसन-डॉट-डम्पला एन्शुअर-अस्की फॉल्स दिलं की डोळ्यांना वाचता येईल.

९. उलटं विचारतो, मराठी शब्द पाठवायचा असेल तर? युआरएलमधे 'पुणे' टाकलं की टक्क्यांची चिन्हं येतात.

यायलाच हवीत. पत्त्यात फक्त ठरावीक अक्षरं चालतात म्हणून प्रत्येक बाइट टक्का आणि दोन चिन्हं असा लिहिला जातो. 'पुणे' यात प, उकार, ण, मात्रा अशी ४ चिन्हं, प्रत्येकी ३ बाइट्स, म्हणजे १२ बाइट्स आणि पत्त्यात ३६ अक्षरं. समोरचा सर्व्हर ते परत 'पुणे' करून वाचतो.

तुम्ही फक्त साधा शब्द पॅराम्समधे द्या, बाकी ती करते. आधीच टक्केवाला केलेला शब्द पॅराम्समधे दिला तर टक्क्याचंच परत एन्कोडिंग होतं, पत्त्यात टक्का-२५ दिसायला लागतं आणि शोधात काहीच सापडत नाही.

जेसनने पाठवलंत तर मराठीची चिंताच नाही. डेटाला सरळ मराठी स्ट्रिंग देत असाल तर स्वतः युटीएफ-८ मधे एन्कोड करून बाइट्स द्या, जुन्या व्हर्जनवर लॅटिन-१ ची एरर येते ती याच कारणाने. हेडरमधे मात्र मराठी घालायला जाऊ नका.

१०. जेसन वाचताना 'एक्सपेक्टिंग व्हॅल्यू, लाइन १ कॉलम १' येतंय. जेसन तर बरोबर आहे!

समोरून जेसन आलेलंच नाहीये. रिकामं उत्तर आलंय, किंवा एचटीएमएलचं पान आलंय, लॉगिनचं, एररचं, नाहीतर ब्लॉक केल्याचं. स्टेटस कोड आणि टेक्स्टची पहिली २०० अक्षरं प्रिंट करा, लगेच कळेल. २०४ आलं असेल तर सर्व्हर सांगतोय की काम झालं पण द्यायला मजकूर नाही, तिथे जेसन वाचायचंच नाही.

११. ब्राउझरमधे पान उघडतं, रिक्वेस्ट्सने मात्र ४०३ (परवानगी नाही) येतं किंवा पान अर्धवट रिकामं येतं.

ही दोन वेगळी दुखणी आहेत.

रिकामं येत असेल तर पानातला मजकूर जावास्क्रिप्ट नंतर भरते. रिक्वेस्ट्स जावास्क्रिप्ट चालवत नाही, कधीच चालवणार नाही, ती फक्त पहिलं एचटीएमएल आणते. ब्राउझरमधे एफ-१२ दाबा, नेटवर्क टॅब उघडा, पान रिफ्रेश करा, तिथे बहुतेक वेळा एखादी जेसन देणारी विनंती दिसते, सरळ तिलाच विचारा, काम जास्त स्वच्छ होतं. तसं काही नसेलच तर प्लेराइट किंवा सेलेनियम, ही टूल्स खरा ब्राउझर चालवतात.

४०३ येत असेल तर बहुतेक वेळा साइटने तुम्हाला प्रोग्राम म्हणून ओळखलंय. रिक्वेस्ट्स आपल्या युझर-एजंटमधे (विनंती कोण पाठवतंय ते सांगणारा हेडर) पायथन-रिक्वेस्ट्स आणि व्हर्जन असं प्रामाणिकपणे लिहिते. सगळीकडे सल्ला मिळतो की क्रोमचा युझर-एजंट लावा. माझा सल्ला आधी वेगळा आहे: स्वतःच्या प्रोजेक्टचं नाव आणि संपर्काचा ईमेल असलेला युझर-एजंट लावा, विकिपीडियासारख्या ठिकाणी तर हेच अपेक्षित आहे. रोबोट्स-डॉट-टीएक्सटी (प्रोग्रामनी कुठली पानं बघू नयेत ते सांगणारी साइटची फाइल) रिक्वेस्ट्स आपणहून बघत नाही, ते तुम्ही बघायचं. आणि सातबाऱ्यासाठी महाभूलेखवर कॅप्चा आहे तो कसा चुकवू, असं विचारणारे बरेच असतात, त्यांना उत्तर एकच, चुकवू नका. कॅप्चा लावणाऱ्याने मशीन नको असं सांगितलंय. सरकारी आकडेवारी हवी असेल तर डेटा-डॉट-गव्ह-डॉट-इन वर रीतसर एपीआय की मिळते, तिथे तुमच्या विषयाचा डेटासेट आहे का ते आधी शोधा.

१२. एसएसएल सर्टिफिकेटची एरर येतेय. व्हेरिफाय फॉल्स केलं की चालतं, मग तसंच ठेवू का?

नको. व्हेरिफाय फॉल्स म्हणजे समोर कोण आहे हे न बघता पासवर्ड देणं. कॉलेजच्या किंवा स्टेशनच्या वायफायवर मधे बसलेला कुणीही तुमचा टोकन (पासवर्डसारखा ओळखीचा कोड) वाचू शकतो आणि तुम्हाला कळणारही नाही. त्यातून दर वेळी पिवळी वॉर्निंग येते तर लोक ती वॉर्निंगही बंद करून टाकतात!

कारण शोधा, बहुतेक वेळा चारपैकी एक असतं. मशीनची तारीख चुकलेली. सर्टिफाय हे पॅकेज जुनं (विश्वासू संस्थांची यादी रिक्वेस्ट्स तिथून घेते, विंडोजच्या यादीतून नाही), ते अपडेट करा. ऑफिसचं नेटवर्क, जिथे कंपनीचा प्रॉक्सी (सगळ्या विनंत्या ज्यातून जातात तो मधला सर्व्हर) मधे आपलं सर्टिफिकेट लावतो, तिथे आयटीवाल्यांकडून कंपनीची रूट सर्टिफिकेटची फाइल घ्या आणि व्हेरिफायला फॉल्सऐवजी त्या फाइलचा पाथ द्या, किंवा रिक्वेस्ट्स-सीए-बंडल हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट करा.

चौथं कारण फसवं आहे. सर्व्हरने मधलं सर्टिफिकेट (त्याचं स्वतःचं आणि विश्वासू संस्थेचं जोडणारं) पाठवलेलंच नसतं, फक्त स्वतःचं पाठवलंय. अनेक ब्राउझर ते मधलं स्वतः शोधून आणतात किंवा आधीचं साठवलेलं वापरतात, म्हणून ब्राउझरमधे हिरवंगार दिसतं आणि पायथनमधे एरर. दोष सर्व्हरचा आहे, त्यांना कळवा, तोपर्यंत ते मधलं सर्टिफिकेट डाउनलोड करून आपल्या बंडल फाइलमधे जोडा.

आणि सेशन (प्रश्न १३) वापरणाऱ्यांसाठी: २.३२.० च्या आधीच्या व्हर्जनमधे एखाद्या होस्टला (म्हणजे सर्व्हरला) पहिली विनंती व्हेरिफाय फॉल्सने गेली की त्याच सेशनमधून त्या होस्टला पुढच्या विनंत्याही न तपासता जायच्या, तुम्ही ट्रू लिहिलं तरी. हे २०२४ मधे दुरुस्त झालं.

१३. सेशन कशाला? साध्या गेटनेही होतंय की. आणि लॉगिन केल्यावर पुढच्या पानावर परत लॉगिनच का मागतं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच पहिल्याचं उत्तर. साध्या गेट-पोस्टमधे (गेट म्हणजे मागणं, पोस्ट म्हणजे पाठवणं) प्रत्येक विनंती नवी, लॉगिनला मिळालेली कुकी (सर्व्हरने दिलेली ओळखीची चिठ्ठी) पुढच्या विनंतीला आठवत नाही. सेशन ती सांभाळतो. शिवाय एकदा झालेली जोडणी परत वापरतो, त्यामुळे एकाच सर्व्हरला पाचशे विनंत्या करायच्या असतील तर दर वेळी नव्याने टीएलएसची (एचटीटीपीएसच्या सुरक्षित जोडणीची) ओळखपाळख होत नाही, आणि वेळेत पडलेला फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. हेडरही एकदाच सेट करता येतात, एखाद्या विनंतीपुरता एखादा हेडर नको असेल तर त्याला नन द्या.

सेशन वापरूनही लॉगिन होत नसेल तर फॉर्ममधे लपवलेला सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच पानावरून आलाय हे सर्व्हरने ओळखायचा कोड) बघा. आधी लॉगिनचं पान गेटने आणायचं, त्यातून टोकन काढायचा, मग त्याच सेशनने पोस्ट.

फसायची जागा: एका विनंतीला कुकीज म्हणून दिलेली कुकी सेशनमधे साठत नाही, त्या विनंतीपुरतीच असते. कायम हवी तर सेशनच्या कुकीजमधे टाका.

१४. सर्व्हर मधेमधे ५०३ (आत्ता सेवा देता येत नाही) देतो. आपोआप परत प्रयत्न करायची सोय आहे का?

आहे, पण बंद असते. आतमधे रिक्वेस्ट्स युआरएललिब३ वर चालते, तिथला रिट्राय हा क्लास घ्या, एचटीटीपी-अडॅप्टरला मॅक्स-रिट्राइज म्हणून द्या आणि अडॅप्टर सेशनवर माउंट करा. कुठल्या कोडवर परत जायचं ते स्टेटस-फोर्सलिस्टमधे द्यावं लागतं, साधारण ४२९, ५००, ५०२, ५०३, ५०४. बॅकऑफ-फॅक्टर १ दिला तर पहिला पुनर्प्रयत्न लगेच, मग २ सेकंद, ४, ८ असं थांबत जातं. सर्व्हरने रिट्राय-आफ्टर (किती वेळाने परत यायचं ते सांगणारा हेडर) पाठवलं तर त्याचा मान राखला जातो.

पोस्टला ५०३ आला तर हा रिट्राय परत जात नाही, आणि ते मुद्दाम आहे. पहिली विनंती पोचली होती पण उत्तर हरवलं असं असू शकतं, मग परत पाठवली की ऑर्डर दोनदा, पैसे दोनदा. अलाउड-मेथड्समधे पोस्ट घालायची मुभा आहे, पण समोरचा एपीआय आयडेम्पोटन्सी की (तीच विनंती दोनदा आली तरी काम एकदाच व्हावं म्हणून द्यायची खूण) घेत असेल तरच घाला. जुन्या कोडमधे याच पर्यायाचं नाव मेथड-व्हाइटलिस्ट होतं, युआरएललिब३ च्या २.० मधे ते काढून टाकलं, त्यामुळे जुना कोड एकदम मोडला तर आधी इथे बघा.

१५. दोन जीबीची फाइल उतरवताना मेमरी संपते.

स्ट्रीम ट्रू द्या आणि इटर-कंटेंटने तुकडे घेत फाइलमधे लिहा. तुकड्याचा आकार द्यायला विसरू नका, न देता तो १ बाइट धरला जातो आणि दोन जीबी एकेक बाइटने उतरवणं म्हणजे दिवस जाईल. सगळं विथ ब्लॉकमधे करा, कारण स्ट्रीम केलेलं उत्तर शेवटपर्यंत वाचलं नाही किंवा बंद केलं नाही तर जोडणी अडकून राहते.

फाइल अर्धवट उतरली आणि एरर आली नाही, असंही लोक सांगतात. जुन्या युआरएललिब३ सोबत हे खरंच होतं, २.० पासून कंटेंट-लेंग्थइतके बाइट्स आले नाहीत तर एरर येते. मात्र उतरलेल्या फाइलचा आकार त्या हेडरशी जुळवून बघत असाल तर जपून, उत्तर जीझिप (दाबून लहान) होऊन आलं असेल तर हेडरमधला आकडा दाबलेल्या मजकुराचा असतो.

१६. फाइल अपलोड करतोय, सर्व्हर म्हणतो फाइलच मिळाली नाही.

कंटेंट-टाइप मल्टिपार्ट/फॉर्म-डेटा असा हेडर हाताने लावलाय ना? तो काढा. त्या हेडरमधे बाउंड्री नावाची खूण लागते, दोन भाग कुठे वेगळे होतात ते सांगणारी, आणि ती रिक्वेस्ट्स फाइल्स हा पर्याय बघून स्वतः बनवते. तुम्ही हेडर लावला की तिची खूण जात नाही. फाइल बायनरी मोडमधेच उघडा. फार मोठी फाइल असेल तर रिक्वेस्ट्स-टूलबेल्टमधला मल्टिपार्ट-एन्कोडर घ्या, नाहीतर सगळी फाइल मेमरीत येते.

१७. पोस्ट पाठवतोय पण सर्व्हरच्या लॉगमधे गेट दिसतंय, ४०५ (ही पद्धत इथे चालत नाही) येतंय.

मधे रिडायरेक्ट झालाय, म्हणजे सर्व्हरने दुसऱ्या पत्त्यावर पाठवलंय. रिस्पॉन्सची हिस्टरी प्रिंट करा, दिसेल. ३०१, ३०२ किंवा ३०३ आला की पोस्टचं गेट होतं आणि पाठवलेला मजकूर गळून पडतो, ब्राउझरही असंच करतात. ३०७ आणि ३०८ मधे पोस्ट पोस्टच राहतं. बहुतेक वेळा कारण अगदी क्षुल्लक निघतं, पत्त्यात एचटीटीपीएसऐवजी एचटीटीपी लिहिलंय किंवा शेवटची तिरकी रेघ राहिलीय. अंतिम पत्ता कॉपी करून थेट तोच वापरा.

१८. उत्तर आलंय तरी 'इफ रिस्पॉन्स' खोटं का ठरतं?

रिस्पॉन्सचं खरं-खोटं स्टेटसवर ठरतं. ४०० ते ५९९ असेल तर तो खोटा. त्यामुळे एक्सेप्शन पकडल्यावर त्यातल्या रिस्पॉन्सवर नुसतं इफ लावलं तर ४०४ असतानाही 'उत्तर आलंच नाही' वाली फांदी चालते. उत्तर आहे की नाही बघायचं तर 'इज नॉट नन' लिहा, यश बघायचं तर ओके बघा, दोन्ही एकात मिसळू नका.

१९. एकदम हजार विनंत्या करायच्यात. असिंक चालेल का?

रिक्वेस्ट्स असिंक (एकीची वाट बघताना दुसरी कामं चालू ठेवणारी) नाही. असिंक फंक्शनमधे, उदाहरणार्थ फास्टएपीआयमधे, ती वापरली तर तेवढा वेळ सगळा इव्हेंट लूप (आळीपाळीने सगळी कामं चालवणारा भाग) थांबतो, बाकीच्या युझरचीही कामं खोळंबतात. दहा-वीस थ्रेड पुरत असतील तर थ्रेडपूल-एक्झिक्युटर वापरा, फक्त एक सेशन सगळ्या थ्रेडमधे वाटू नका, प्रत्येक थ्रेडला आपला द्या, कारण सेशन थ्रेडसेफ (एकाच वेळी अनेक थ्रेडनी वापरला तरी न बिघडणारा) असल्याची हमी नाही.

असिंकच हवं असेल किंवा एचटीटीपी/२ हवं असेल तर एचटीटीपीएक्स ही लायब्ररी घ्या, लिहायची पद्धत जवळपास सारखी आहे. बदलताना दोन फरक चावतात, तिथे ५ सेकंदांचा टाइमआउट आपोआप लागतो आणि रिडायरेक्ट आपोआप पाळले जात नाहीत. साध्या कामासाठी बदलायची गरज नाही. रिक्वेस्ट्समधे नवीन सोयी सहसा येत नाहीत हे खरं आहे, तो त्या टीमचा ठरवून घेतलेला निर्णय आहे, दुरुस्त्या मात्र येत असतात.

२०. ऑथरायझेशन हेडरमधे बरोबर टोकन देतोय, दुसऱ्याच्या मशीनवर चालतंय, माझ्याकडे ४०१ (ओळख पटली नाही). का?

दोन जागा तपासा. पहिली, रिडायरेक्ट (प्रश्न १७). पत्ता दुसऱ्या होस्टवर गेला की रिक्वेस्ट्स ऑथरायझेशन हेडर काढून टाकते, तुमचा टोकन परक्याच्या हाती लागू नये म्हणून, आणि हे बरोबरच आहे.

दुसरी जागा फारशी कुणाला माहीत नसते. तुमच्या होम फोल्डरमधे नेटआरसी नावाची (सर्व्हरांचे नाव-पासवर्ड साठवणारी) फाइल आहे का, नावाच्या आधी टिंब असतं, विंडोजवर अंडरस्कोअरही चालतो. गिटसाठी किंवा दुसऱ्या एखाद्या टूलने कधीतरी बनवलेली असते. तिच्यात त्या होस्टचं नाव-पासवर्ड असेल आणि तुम्ही ऑथ हा पर्याय दिला नसेल, तर रिक्वेस्ट्स ते उचलते आणि तुम्ही हेडरमधे दिलेल्या टोकनच्या जागी घालते. न विचारता! रिस्पॉन्सच्या रिक्वेस्टमधले हेडर्स प्रिंट केले की प्रत्यक्षात काय गेलं ते दिसतं, बेअररच्या (टोकनच्या) जागी बेसिक (नाव-पासवर्ड) दिसलं की हीच भानगड.

सेशनचं ट्रस्ट-एन्व्ह फॉल्स करा म्हणजे ती फाइल वाचली जाणार नाही. पण त्याने एन्व्हायर्नमेंटमधले प्रॉक्सी आणि प्रश्न १२ मधलं सर्टिफिकेट बंडलही वाचलं जाणं बंद होतं, ऑफिसच्या नेटवर्कवर असाल तर ते दोन्ही मग कोडमधे हाताने द्यावे लागतील. तेवढं नको असेल तर ऑथ-बेसचा छोटा क्लास लिहून टोकन ऑथमधून द्या, ऑथ दिलं की नेटआरसीकडे बघितलं जात नाही. आणि २.३२.४ च्या आधीचं व्हर्जन असेल तर अपडेट करा, मुद्दाम वेडावाकडा बनवलेला पत्ता दिला तर नेटआरसीमधला पासवर्ड भलत्याच होस्टला जाऊ शकत होता, ते भोक त्यात बुजवलंय.